धने पेरलेली कढई

टण्ण.

दुपारची वेळ. घर गप्प होतं, आणि माझ्या काठावर चमचा वाजला.

"उठा की आता. किती झोपताय?"

मित्रांनो, ही हाक मला नव्हती. माझ्या पोटात पेरलेल्या धन्यांना होती. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. उचगावातल्या दोन खोल्यांच्या घरात, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत राहते. चमचा वाजवणारी सौंदर्या साडेचार वर्षांची आहे. बाळं हाक मारल्यावर उठतात, मग धनेही उठतील, असा तिचा हिशेब.

माझा जन्म इचलकरंजीच्या बाजारात, एका लोहाराच्या पालापुढं झाला. गंगव्वानं, म्हणजे सौंदर्याच्या आजीनं, मला बोटानं वाजवून पाहिलं आणि घरी आणलं. पुढचे तीसेक उन्हाळे मी चटणीच्या कामाला होते. मिरच्या, तीळ, खोबरं, धने, सगळं माझ्यात भाजायचं आणि मग गिरणीतल्या डंकावर कुटायला जायचं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "धनं भाजावं तर गंगव्वाच्या कढईतच." ते ऐकून मी आणखी तापायची.

मग एके वर्षी माझ्या बुडाला भोक पडलं. नवी कढई आली. मी कॉटखाली गेले आणि कपड्यांचे चिमटे सांभाळू लागले. अडीच वर्षं कुणी मला वाजवलं नाही.

यंदा दिवाळीनंतर गंगव्वा लेकीच्या बाळंतपणाला आजऱ्याला गेली. सौंदर्यानं आईच्या मागं धोशा लावला, मला कोथिंबीर लावायची. तिची आई दानेश्वरी, गंगव्वाची सून. स्वयंपाक, धुणं आणि शिलाई यांतून तिला दुपारची मोजून पाऊण तास सवड. त्या सवडीत तिनं मला बाहेर काढलं, घासलं, माती आणि शेणखत भरलं. फडताळातला डबा काढून मूठभर धने पेरले.

धने मातीवर पडले आणि मला वास आला. तो वास मी कसा विसरेन? ते भाजलेले होते. उन्हाळ्यात चटणी करून उरलेले, कच्च्या धन्यांसारख्याच डब्यात ठेवलेले. पण कढईचं ऐकतो कोण?

आठ दिवस गेले, पंधरा गेले. सौंदर्या सकाळी पेल्यानं पाणी घालायची, दुपारी चमचा वाजवायची. तिचे बाबा, राजशेखर, गॅलरीत गाडीची चावी शोधायला आले की त्यांना माझी ठेच लागायची.

"संक्रांतीपतुर काय उगवलं न्हाय, तर ही भंगारात," ते म्हणाले.

"बाबा, हळू बोला. त्यांला ऐकू जातंय," सौंदर्या म्हणाली.

मला भंगाराची भीती होतीच. पण चमचा वाजला की त्याहून जास्त वाईट वाटायचं. ती माझ्यावर वाकून बघायची, आणि दाखवायला माझ्याकडं काहीच नसायचं.

संक्रांतीला चार दिवस उरले असताना गंगव्वा परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी नातीनं तिला गॅलरीत ओढत नेलं. गंगव्वानं माती उकरली, एक धना काढला, पदराला पुसला आणि पुढच्या दातानं फोडला.

"अगं दाने, चटणी पेरलीस व्हय गं?"

दानेश्वरीनं कपाळाला हात लावला. "आत्ती, दोन्ही डबं एकसारखं. मला काय ठावं?"

"वास तर घ्यायचास की."

दोघी हसायला लागल्या. हसता हसता दानेश्वरीचं लक्ष लेकीकडं गेलं आणि ती थांबली.

मग गंगव्वानं कच्चे धने फडक्यावर पसरले, वरून चप्पल फिरवली, एकेका धन्याच्या दोन डाळी केल्या आणि म्हणाली, "आता उगवंल. राजूला सांग, कढई माझी हाय. भंगारात घालायच्या आधी मला इचार."

मित्रांनो, भोक पडलेलं भांडं लगेच टाकू नका. मातीला असंच भांडं लागतं, जास्तीचं पाणी जायला वाट हवी असते. आणि पेरण्याआधी बियांचा वास घ्या. मी इतके उन्हाळे धने भाजले, पण धने म्हणजे मसाला, एवढंच मला ठाऊक होतं. ते बी असतं, हे मला त्या चमच्यानं शिकवलं.

दानेश्वरी नवे धने पेरत होती. सौंदर्या शेजारी उकिडवी बसली होती. आज तिनं चमचा आणला नव्हता. उकरून काढलेला एक जुना धना तिच्या तळहातावर होता. तिनं तो बराच वेळ बोटानं इकडं तिकडं लोळवला.

"आई, भाजायच्या आधी ह्याला उगवायचं होतं का गं?"