दातातला दोरा

सिंधूताईंच्या समोरच्या दाताला एक बारीकशी खाच आहे. मुलगी समता पुण्याहून सुट्टीत आली की म्हणते, "आई, दाताच्या डॉक्टरले दाखव, भरून देते तो." सिंधूताई दाखवत नाहीत. वर्षानुवर्षं भुवया कोरायचा दोरा त्या दातात धरला, तेव्हा कुठे ती खाच पडली. एवढ्या मेहनतीनं कमावलेली वस्तू कोण भरून घेतं?

धामणगाव बढ्याच्या भीमनगरात, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं पार्लर आहे. दोऱ्याची गंमत अशी, की त्याचं एक टोक दातात धरलं की बोलता येत नाही. आणि सिंधूताई मुळात बोलक्या. नळावर गेल्या तर हंडा भरून वाहायला लागायचा आणि यांचं बोलणं अर्ध्यावरच असायचं. पण खुर्चीत बाई बसली, डोळे मिटून तिनं दोन बोटांनी कपाळाची कातडी ताणली आणि दोरा दातात गेला, की सिंधूताई मुक्या. मग ती बाई बोलायची. नणदेचं, जावेचं, पोटात राहिलेल्याचं आणि न राहिलेल्याचं. सल्ला कोणालाच नको असायचा. सल्ले देणारे घरोघरी होते. तोंड मिटून ऐकणारं माणूस गावात एकच होतं.

झुंबरबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा दारावर पाटीही नव्हती. जुन्या साडीचा पडदा, मोताळ्याच्या बाजारातला आरसा, खरखरणारा रेडिओ आणि मानेखाली उशी ठेवलेली लाकडी खुर्ची. झुंबरबाई मोठ्या शेतीवाडीच्या घरची सून. तिनं भीमनगरात यायचं म्हणजे मागच्या दारानं, पदर नाकापर्यंत ओढून. तिसऱ्या की चौथ्या खेपेला डोळे मिटल्या मिटल्या म्हणाल्या, "सासूबाईले समजलं, बापा. म्हणे, तिच्या तोंडातला उष्टा दोरा कपाळाले लावून घेते, अन् त्याच कपाळाले कुंकू लावते?"

सिंधूताईंच्या दातात दोरा. काय बोलणार? हात तेवढे चालत राहिले. त्या दिवशी झुंबरबाईंची उजवी भुवई डावीपेक्षा जरा बारीकच झाली. आरशात त्यांना ते दिसलं असणारच. पुढच्या महिन्यात आल्या त्या पुढच्या दारानं. भर दुपारी, पदर खांद्यावर.

त्याला आता किती वर्षं झाली! सासूबाई गेल्या, रेडिओ गेला, लाकडी खुर्चीच्या जागी फिरती खुर्ची आली. दोरा तेवढा तसाच होता.

यंदा ग्रामसभेत ठरलं, की गावातली सलून आणि पार्लर नोंदवून घ्यायची आणि स्वच्छता पाहूनच परवाना द्यायचा. पाहायला आली ती गावातल्याच किसनरावांची मुलगी प्रतीक्षा. आता ती आरोग्य उपकेंद्रात असते. शाळेच्या निरोप समारंभासाठी तिच्या भुवया पहिल्यांदा सिंधूताईंनीच कोरल्या होत्या, तेव्हा "आई गं!" करून एकाच भुवईवर पळाली होती आणि आरशात पाहून रडत परत आली होती.

प्रत्येकीला वेगळा टॉवेल, झाकणाची कचरापेटी, हात धुवायला साबण, उकळलेली कात्री. सगळं होतं. सिंधूताई जरा ताठ उभ्या राहिल्या.

"मावशी, सगळं मस्त हाय. फक्त दोरा तोंडात नाही धरायचा."

"मंग काय पायात धरू?"

"गळ्यात अडकवायचा. थुंकी लागते न त्याले. एकीचा आजार दुसरीले जाते." प्रतीक्षाचा आवाज खाली आला. "गुरुवारी येतो मी परत. तवापर्यंत जमवा, मावशी. नाही तं मले सही नाही करता येणार. पाटी उतरवा लागन."

पोरगी खरंच बोलत होती. दोरा थुंकीनं ओला होतो हे सिंधूताईंपेक्षा जास्त कोणाला माहीत? त्यांना सगळं पटलं. पण पटायच्या आधी कानात 'उष्टा' असं वाजून गेलं होतं, आणि तो आवाज प्रतीक्षाचा नव्हता.

त्यांनी स्वतःच्याच पोटरीवर सराव केला. गळ्यावर लाल रेघ उठली, पोटरीला दोन जागी टक्कल पडलं, पण हात जुळला. अडचण दुसरीच निघाली. तोंड मोकळं झालं.

अंगणवाडीतली पुष्पांजली खुर्चीत बसली. डोळे मिटून म्हणाली, "काकू, आमच्या यायनं काल पुन्हा..."

"मंग तू काऊन ऐकून घेतलं वं? सांगून द्यायचं न माहेरी!"

पुष्पांजली गप्प झाली ती शेवटपर्यंत गप्पच. जाताना आरशात पाहून "छान झाल्या" म्हणाली आणि गेली. तिच्यानंतरची पोरगी डोळे मिटण्याऐवजी मोबाइलच पाहत बसली. सिंधूताईंनी गप्प राहायचं ठरवून पाहिलं, पण ठरवून गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. भुवया काय, मोताळ्यातही कोरून मिळतात. गावातल्या बायांनी आता ते दुसरं सगळं कुठं न्यायचं? परवाना मिळेल, पाटी राहील, आणि पाटीखाली नुसत्या भुवया होतील.

गुरुवारी दुपारी झुंबरबाई आल्या. त्यांच्या नेहमीच्या दिवसांना अजून बराच अवकाश होता.

"हे काय वं? गाईवानी गळ्यात दावं?"

"नियम हाय, झुंबरबाई. तोंडातला दोरा चालत नाही आता. उष्टा होते म्हणे."

झुंबरबाई खुर्चीत टेकता टेकता थांबल्या. "आमची सासू वर जाऊन सरकारात लागली काय?"

दोघीही पोट धरून हसल्या. मग सिंधूताई म्हणाल्या, "नाही बापा, हे बरोबर हाय. रोगराई पसरते. त्यायचं वेगळं होतं."

"हाव," झुंबरबाई डोळे मिटत म्हणाल्या. "तिचं वेगळंच होतं."

दोरा फिरू लागला. झुंबरबाई बोलेनात. सिंधूताईंना राहवेना. त्यांनी झुंबरबाईंच्या नवऱ्याची चौकशी केली. "शेषराव भाऊ कसे हायत?"

"हायत."

पुन्हा नुसता दोऱ्याचा करकर आवाज. थोड्या वेळानं झुंबरबाईंनी एक डोळा उघडला. "तू अशी विचारून राह्यली न, मले काही सांगताच येत नाही. धर तो दोरा दातात."

"कसा धरू? प्रतीक्षा येऊन राह्यली आज. सही व्हायची हाय."

"मंग राहू दे," म्हणत झुंबरबाईंनी डोळा मिटला. पण कपाळावरची बोटं सैल पडली होती.

सिंधूताईंनी दाराकडे पाहिलं. मग रिळाकडे पाहिलं. वीतभर दोरा तोडला आणि त्याचं टोक दातात धरलं. खाचेत तो बरोब्बर बसला. बाकीचा हनुवटीवर लोंबत राहिला, कशालाही न लागता. गळ्यातल्या दोऱ्यानं हात पुन्हा काम करू लागले.

झुंबरबाईंनी किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं आणि कातडी घट्ट ताणून धरली.

"बुढ्याले आता काहीच आठवत नाही वं," त्या म्हणाल्या. "पोराचं नाव नाही, जेवले का नाही ते नाही. काल चहा घेऊन गेली, तं उठून उभेच राह्यले. मले म्हणते, बाई, तुमी कोणाच्या घरच्या? मी म्हटलं, तुमच्याच. तं असे लाजले, असे लाजले! लग्नातबी नव्हते लाजले." मिटलेल्या पापणीतून पाणी कानाकडे निघालं. सिंधूताईंनी ते टॉवेलच्या टोकानं टिपलं. "मंग म्हटलं, हा माणूस मले रोज नव्यानं पाहून राह्यला, तं भुवया तरी नीट असाव्या."

तेवढ्यात दारात प्रतीक्षा. "मावशी, जमलं का? ...आता हे काय? पुन्हा तोंडात?"

सिंधूताईंनी एका बोटानं गळा दाखवला. बोलणार कशा?

"तो मले लागत नाही, पोरी," झुंबरबाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "कामाचा गळ्यात हाय, नीट पाहून घे. तोंडातला बिनकामाचा हाय."

"मंग धरला कायले?"

"तू बस तिथं. तुह्याबी भुवया लई वाढल्या हायत."

प्रतीक्षानं जवळ येऊन गळ्यापासून बोटांपर्यंत दोरा पाहिला. हनुवटीवर लोंबणारा तुकडाही पाहिला. काहीतरी विचारणार होती, पण झुंबरबाईंच्या कानाजवळची ओल तिला दिसली. हातातले कागद पर्समध्ये सारून ती हळूच स्टुलावर बसली.

"हां," झुंबरबाई म्हणाल्या, "तं मी काय सांगत होती? लाजले..."