सिस्टरचा राउंड

"देवा, दुसऱ्या मजल्यावरच्या घड्याळवाल्याची मूळव्याध पुन्हा उलटली आहे. कालपासून धड बसता येत नाही. स्वभाव तापट, पथ्य पाळत नाही, पण माणूस वाईट नाही. त्याच्याकडे जरा बघ."

सकाळची वेळ होती. आमच्या इमारतीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या मधल्या मोकळ्या जागेत उघडायच्या आणि ती जागा विहिरीसारखी घुमायची. माझ्या मोठ्या जाऊबाई खिडकीत उभ्या राहून, डोळे मिटून, देवाशी बोलत होत्या. त्यांच्या मते मनातल्या मनात. बाकीच्यांच्या मते मागच्या गल्लीपर्यंत.

जाऊबाईंनी उभा जन्म दवाखान्यात नर्सचं काम केलं. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मीही म्हणायचे. माझे मोठे दीर, म्हणजे त्यांचे यजमान, तेसुद्धा चारचौघांत सिस्टरच म्हणत आणि नवीन माणूस बुचकळ्यात पडे. निवृत्त झाल्या तरी त्यांचा वॉर्ड काही सुटला नाही. इमारतच वॉर्ड झाली. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाला अंघोळ घालणं. रोज सकाळी देव राउंडवर येतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. मोठे डॉक्टर आले की एकेका खाटेचा रिपोर्ट द्यायचा, तसाच त्या देवाला द्यायच्या. तळमजल्यापासून सुरुवात, मग वर वर. ताप उतरला का, झोप लागते का, सून धड बोलते का. मागणं काही नसे. "जरा बघ" म्हणाल्या की पुढचा पेशंट. देवाला औषध सुचवणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

कान मात्र त्यांचे कधीच गेले होते. आपला आवाज किती चढलाय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि पेशंटची गोष्ट पोटात ठेवायची, नवऱ्यालाही सांगायची नाही, याचा केवढा अभिमान. "माझ्या तोंडून आजवर कुणाचं काही बाहेर गेलेलं नाही," असं त्या म्हणाल्या की मी चहा गाळायच्या निमित्ताने पाठ फिरवायचे.

त्या दुपारी घड्याळवाला आला. मी खुर्ची पुढे केली, तर उभाच राहिला.

"सिस्टर, मी तुम्हाला विश्वासाने सांगितलं होतं."

"काय म्हणालात?"

"विश्वासाने," तो ओरडला. खाली कुणाची तरी खिडकी उघडली.

"मग? मी कुणाला सांगितलं?"

"आज न्हाव्याकडे गेलो. त्याने न विचारता खुर्चीवर उशी ठेवली."

"बसलात का?"

"बसलो."

"बरं वाटलं?"

"वाटलं. पण प्रश्न तो नाही."

"मोठा मनकवडा माणूस आहे हो तो न्हावी," सिस्टर मला म्हणाल्या. घड्याळवाला हताशपणे माझ्याकडे बघून निघून गेला.

शेवटी सिस्टरच्या मुलाने त्यांच्यासाठी कानाचं यंत्र आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घालून सिस्टर खिडकीत उभ्या राहिल्या, "देवा" म्हणाल्या आणि दचकून मागे वळल्या.

"अगं, कोण ओरडलं?"

"तुम्हीच."

"मी? रोज अशीच बोलते?"

"रोज."

"आणि तू मला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्हाला ऐकू आलं नाही."

त्या मटकन स्टुलावर बसल्या. मग एकेक आठवू लागल्या. शिंपीणबाईचा नवरा घर सोडून गेला, ते? हो. न्हाव्याच्या मुलाला रात्री अंथरूण ओलं करायची सवय होती, ते? तेही. प्रत्येक वेळी मी मान हलवत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. "देवा," त्या म्हणाल्या. या वेळी अगदी हळू.

त्या दिवसापासून राउंड मनातल्या मनात सुरू झाला. ओठसुद्धा हलत नसत. पहिल्या आठवड्यात निम्म्या इमारतीला कामावर जायला उशीर झाला, कारण सिस्टर तिसऱ्या मजल्यावर पोचल्या की डबा भरायचा, असा सगळ्यांचा हिशेब होता.

पण दुसरंही काहीतरी बंद पडलं, ते आमच्या उशिरा लक्षात आलं. पूर्वी राउंड संपला की दारं उघडायची. शिंपीणबाई कुणाकडे दूध घेऊन जायची, न्हावी कुणा आजाऱ्याची घरी जाऊन दाढी करायचा, घड्याळवाला कुणाची औषधं आणायचा. आम्ही खिडकीतून ऐकलं, असं कुणी कबूल करत नसे. सगळे म्हणायचे, "सहज आलो होतो." आता सहज कुणी येईना. सिस्टर मात्र दुखऱ्या गुडघ्यांनी प्रत्येक जिना एकट्या चढायच्या.

त्यातच त्यांना फ्लू झाला. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांचं एकच चाललं होतं, "मास्तरीणबाईंना कोण बघतंय?" मास्तरीणबाई सगळ्यांत वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. शाळेत जन्म गेलेला, ताठ बाई, कुणाकडे चिमूटभर साखर मागणार नाही. आम्ही म्हटलं, कुणीतरी बघत असेल. प्रत्येक घरात सगळे असंच म्हणत होते.

ताप अंगात असतानाच सिस्टर उठल्या. मी आणि त्यांच्या मुलाने दोन्हीकडून धरून त्यांना वर नेलं. मास्तरीणबाई पलंगाशेजारी जमिनीवर पडल्या होत्या, आदल्या दिवसापासून. चादर ओढून अंगावर नीट घेतलेली.

"हाड मोडलेलं नाही, मी तपासलंय," त्या आम्हाला म्हणाल्या. मग चादर सारखी करत, "सहज कुणी आलं नाही हो."

उतरताना सिस्टर मधल्याच पायरीवर बसल्या. "मी अब्रू जपत बसले," त्या म्हणाल्या, "आणि ती जमिनीवर."

"लोकांचीच अब्रू होती ना ती," मुलगा म्हणाला.

"माझी होती. तोंडाची पक्की बाई म्हणून मिरवायचं होतं ना मला."

संध्याकाळी घड्याळवाला दारात उभा. मास्तरीणबाईंचं त्याच्या कानावर गेलं होतं.

"सिस्टर, पूर्वीसारखं सुरू करा."

"आणि तुमचं ते?"

"ते आता काय, न्हाव्याने उशीला नवीन खोळ घातलीय."

पण सिस्टरना ते तसं पटणारं नव्हतं. त्यांनी त्यावर आपली रीत काढली. बरं वाटल्यावर दारोदार जाऊन प्रत्येकाला विचारायचं, मोठ्याने सांगू की मनात? घड्याळवाला बराच विचार करून म्हणाला, "गुडघा मोठ्याने, बाकीचं मनात." शिंपीणबाई म्हणाली, "माझं काही नाही, पण सासूचं सगळं मोठ्याने." मास्तरीणबाईंनी आपलं काय सांगायचं, त्याची वाक्यं स्वतः तयार करून दिली आणि सिस्टरकडून दोनदा म्हणवून घेतली. राउंडच्या आधी सिस्टर यंत्र काढून बशीत ठेवायच्या. स्वतःचा आवाज ऐकत देवाशी बोलायला त्यांना संकोच वाटे.

अशी पुष्कळ वर्षं गेली. दीर गेले, मास्तरीणबाई गेल्या. एवढ्या काळात सिस्टरनी देवाला स्वतःचं कधी काही सांगितलं नाही. नर्स पेशंटच्या यादीत नसते, म्हणायच्या.

मग त्यांना धाप लागू लागली. दवाखान्यात जायला ठाम नकार दिला. "दुसऱ्याच्या वॉर्डात मला झोप यायची नाही." एका सकाळी उठायला गेल्या, तर उशीवरून मानही उचलेना.

"राउंडची वेळ झाली," त्या मला म्हणाल्या. "तू जा."

"मला नाही हो देवाशी बोलता येत."

"बोलायचं नाहीच. रिपोर्ट द्यायचा. तो ऐकतो."

मी उठले, पण पाय निघेना. "तुमचं काय सांगू?"

त्यांनी आपल्याच मनगटावर बोटं ठेवून नाडी बघितली.

"सांग," म्हणाल्या. "मोठ्यानेच सांग. पण मला सगळ्यांत शेवटी घे. आणि रडू नकोस, रडलं की रिपोर्ट कळत नाही."

मी खिडकीत जाऊन उभी राहिले. माझा आवाज मुळात बारीक. न्हाव्याचा खोकला सांगितला, शिंपीणबाईच्या सासूचे पाय सांगितले, घड्याळवाल्याचा फक्त गुडघा सांगितला. प्रत्येकाला "जरा बघ" जोडलं. वरच्या मजल्यावरच्या नव्या बाळंतिणीपर्यंत पोचले. मग म्हटलं, "देवा, आमच्या सिस्टर," आणि पुढचं कसंबसं पुटपुटले.

खाली-वर सगळीकडे शांत. नळसुद्धा कुणाचा चालू नव्हता.

"वहिनी," समोरच्या खिडकीतून घड्याळवाला म्हणाला, "शेवटचं ऐकू आलं नाही. पुन्हा सांगता?"

मी खिडकीचा गज धरला आणि पुन्हा सांगितलं.