हिरवं ठिगळ

सलोमा एशच्या टाक्याला अख्ख्या खोऱ्यात तोड नव्हती, आणि ही गोष्ट इतर कुणाहीपेक्षा सलोमालाच जास्त ठाऊक होती. आम्ही वीज-मोटारीपासून लांब राहणारी, जुन्या वळणाची ख्रिस्ती माणसं; आमच्यात गर्व हे पाप. तेही तिला पाठ होतं. पण इंचाला बारा टाके म्हणजे बारा टाके, त्याला ती बिचारी तरी काय करणार? मागच्या हिवाळ्यात शेजारणी चौकटीभोवती बसून गोधडी शिवत होत्या, तेव्हा मलिंडा झूकने घातलेली अख्खी ओळ तिने नऊजणींच्या देखत उसवली. वर म्हणाली, "मलिंडा, तू आपली सुया ओव." मलिंडा दिवसभर सुया ओवत बसली.

त्यामुळे ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी डोरीनच्या दुकानात सलोमा बरण्यांसकट दारातच थबकली, ते उगाच नाही.

डोरीन इंग्लिश. आमच्यात नसलेल्या सगळ्यांना आम्ही इंग्लिशच म्हणतो, मग माणूस जपानचा का असेना. चौफुलीवर तिचं सहलीला येणाऱ्यांसाठी दुकान आहे. सलोमा दर मंगळवारी घोडागाडीतून सफरचंदाच्या जॅमच्या बरण्या तिथे पोचवी. त्या दिवशी दाराजवळच्या फिरत्या स्टँडवर एक नवं पोस्टकार्ड लागलं होतं, आणि त्यावर सलोमाचा नवरा होता.

आमची माणसं फोटोला उभी राहत नाहीत. एनॉसही उभा राहिला नव्हता, तो वाकला होता. बटाटे काढताना रस्त्यावरच्या कुणी इंग्लिशाने मागून फोटो घेतला होता. तोंड दिसत नव्हतं. दिसत होतं ते बूड, आणि त्या बुडावर काळ्या विजारीला लावलेलं भलंमोठं हिरवं ठिगळ. विजार फाटली त्या दिवशी घरात काळं कापडही नव्हतं आणि काळा दोराही. मग सलोमाने झग्याचा उरलेला तुकडा घेतला, पांढऱ्या दोऱ्याने कुंपणाच्या खुंटांएवढे टाके घातले आणि म्हणाली, सोमवारपर्यंत चालेल. इंचाला तीन. कार्डावर ते मोजता येत होते.

तिने बारा बरण्या दिल्या आणि बदल्यात स्टँडवरची त्या फोटोची सगळी कार्डं घेतली. घरी येऊन ती चुलीत घातली.

एनॉसला यात हसण्यापलीकडे काही दिसेना. बिशपांना त्याने विचारून घेतलं होतं. पाठमोऱ्या माणसाला दोष लागत नाही, असं ते म्हणाले होते.

"बुडाला तोंड नसतं, सलोमा," तो म्हणाला. "ओळखणार कोण?"

"टाक्यांना असतं," सलोमा म्हणाली. "आणि मलिंडाला डोळे आहेत."

दोनएक आठवड्यांनी गोधडीची बैठक सलोमाच्याच घरी होती. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली पाहिजे. तसं अवघड काय होतं? सलोमाच्या घरासमोर रस्त्याकडेला जॅम विकायची तिची स्वतःची फळी असे. फळीवरचा जॅम संपला की संपला, मग पुढच्या हंगामापर्यंत लोकांनी कितीही घंटा वाजवली तरी तो मिळत नसे. कार्डंही तशीच संपतील, असा तिचा सरळ हिशेब होता.

पुढच्या मंगळवारी स्टँडवर दुप्पट कार्डं होती. तिने तीही घेतली.

"वीस वर्षं दुकान चालवतेय, पण असं कार्ड पाहिलं नाही," डोरीन खुशीत म्हणाली. "मंगळवारी संपतात, पुन्हा भरते, शुक्रवारी परत साफ. तू एवढी कार्डं करतेस तरी काय?"

खोटं बोलणं सलोमाला जमत नव्हतं. "चुलीत घालते," ती म्हणाली.

डोरीन हसून हसून गल्ल्यावर आडवी झाली. तुम्हा लोकांना विनोद कळत नाही म्हणतात, त्यांना हे ऐकवलं पाहिजे, म्हणाली. सलोमा मात्र शुक्रवारचाच विचार करत घरी आली. देशभरच्या इंग्लिश बायका आपापल्या स्वयंपाकघरात ते ठिगळ टांगताहेत, असं तिच्या डोळ्यांसमोर येत राहिलं.

तिसऱ्या मंगळवारी घोडा चौफुलीवर वळला आणि सलोमाने लगामच ओढला. दुकानाच्या काचेत एनॉसचं बूड दरवाजाएवढं होऊन लागलं होतं. एवढा खप, तर डोरीनने मोठं पोस्टर करून घेतलं होतं, त्याच फोटोची भांडी पुसायची फडकीही यायची होती. गोधडीची बैठक परवावर आलेली, आणि येणारी प्रत्येक घोडागाडी त्याच चौफुलीवरून येणार. एका माणसाचं पितळ एवढ्या मोठ्या मापात क्वचितच उघडं पडलं असेल.

गुरुवारी सकाळी आठजणी आल्या. पोस्टरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ते टोमण्यापेक्षा वाईट होतं. मलिंडा कुणी न सांगताच कोपऱ्यात बसली आणि सुयांची डबी उघडून ओवायला लागली. ते पाहिलं आणि सलोमाला राहवेना. चुलीतून वाचलेलं एक कार्ड तिने ॲप्रनमधून काढून ताणलेल्या गोधडीवर ठेवलं.

"चौफुलीवरची विजार एनॉसची आहे," ती म्हणाली. "टाके माझे आहेत. इंचाला तीन."

बायका खाली बघायला लागल्या. मलिंडाने सुईचं नेढं खिडकीकडे धरलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पहिल्याच शुक्रवारी पाहिलं. अंडी द्यायला जाते ना मी डोरीनकडे."

"मग बोलली का नाहीस कुणाला?"

"बोलू कशाला? होती तेवढी घेऊन आले. दर शुक्रवारी आणते. चूल माझ्याकडेही आहे."

खिडकीपाशी बसलेल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंचे खांदे हलायला लागले, आणि बघता बघता आठहीजणींच्या सुया थांबल्या. एकीने मंगळवारी आणि दुसरीने शुक्रवारी, दोघींनी मिळून एनॉसला काचेत चढवला होता.

हसली नाही ती एकटी सलोमा. तिला लाज वाटत होती, आणि या वेळी ती ठिगळाची नव्हती.

"का गं, मलिंडा?" तिने विचारलं. "माझ्यासाठी एवढं का केलंस?"

मलिंडाने दोऱ्याला गाठ मारली. "नऊजणींसमोर उसवलं की कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे ना."

सलोमा बाकावर सरकली, शेजारची जागा हाताने झटकली आणि म्हणाली, "इकडे बस. सुया बाकीच्या आपापल्या ओवतील."

मलिंडा बसली आणि शिवायला लागली. मन मोठं केलं म्हणून टाके काही बारीक होत नाहीत. तिची ओळ आधी डावीकडे गेली, मग थोडा विचार करून उजवीकडे आली. सलोमाचा हात दोनदा कात्रीकडे गेला आणि दोनदा परत आला. शेवटी तिने कात्री उचलून स्वतःच्या मांडीखाली घातली आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर बसून राहिली.