घरातलं नाव

मुलीचं नाव कस्तुरी, पण घरात सगळे साकू म्हणायचे. आजी लाडानं साखर म्हणायची, साखरेची साखू झाली आणि साखूची साकू. कराडला कुणाला त्यात काही वाटलं नाही. मग तिच्या बापाला, दत्ताला, बंगळुरात कारखान्यात नोकरी लागली, यशवंतपूरला भाड्याचं घर मिळालं. तिच्या आईनं, चंपानं, पहिल्याच दिवशी दारातून पोरीला हाक मारली, तशी शेजारची धनलक्ष्मी पोट धरून हसायला लागली. कन्नडात साकु म्हणजे पुरे. बास.

"अक्का, मुली किती तुम्हाला?" तिनं विचारलं.

चंपा म्हणाली, एकच.

"एकीतच साकु झालं होय?"

दत्ताला ते लागलं. त्यानं नियम करून टाकला, घरात साकू, उंबरा ओलांडला की कस्तुरी. पुढं ती बॅडमिंटन खेळायला लागली तेव्हा तर नियम आणखी पक्का झाला. चारचौघांत पोरगी खेळतेय आणि आई ओरडतेय पुरे पुरे, बरं दिसतं का ते?

बॅडमिंटन तसं सहज लागलं मागं. कारखान्याच्या क्लबात पोरं फूल उडवत होती, हिनंही उडवलं. तिथले कोच शिवाप्पा, मिशा मोठ्या आणि बोलणं थोडं. त्यांनी दत्ताला बाजूला घेऊन सांगितलं की पोरीचं मनगट देवानं वेळ काढून केलंय. झालं. त्या दिवसापासून दत्ताचं पाऊल जमिनीवर नाही. सुट्टी आली की स्पर्धेला जायला मॅजेस्टिकच्या स्टँडवरून लाल बस धरायची. कधी शिमोगा, कधी हुबळी, कधी मंगळूर. चंपाच्या सख्ख्या भावाचं लग्न लागलं तेव्हा ती हुबळीत धर्मशाळेच्या ओट्यावर स्टो पेटवून मुगाची खिचडी करत होती. गौरी-गणपती शेजारणीनं सांभाळले. पोरगी शाळेच्या सहलीला कधी गेली नाही. मैत्रिणींनी घरी बोलवायचंच सोडून दिलं.

पण खोटं कशाला बोला, गोड दिवसही होते. दत्ता मुळात घुमा माणूस, जेवताना मीठ मागायचं तरी बोट दाखवायचा. तो बसमध्ये लेकीशेजारी बसला की असा बोलायचा जसा नळ फुटलाय. दोघं बापलेक कंडक्टरची नक्कल करून खिदळायचे. कारखान्यात लोक त्याला चॅम्पियनचा बाप म्हणायचे, आणि तो मान खाली घालून हसायचा. चंपानं समुद्र पाहिला तोही मंगळूरच्या स्पर्धेपायीच. असल्या गाडीला ब्रेक कुणी लावायचा?

पोरीच्या गुडघ्याला सूज यायला लागली. डॉक्टर म्हणाले विश्रांती द्या. शिवाप्पा म्हणाले, डॉक्टर म्हणतात ते खरं. दत्ता म्हणाला, दावणगेऱ्याची एवढी स्पर्धा होऊ दे. दावणगेऱ्यात जिंकली की तिला स्पोर्ट्स हॉस्टेलात घेणार होते. तिथं राहायचं, तिथंच शिकायचं, सकाळ-संध्याकाळ खेळायचं. दत्तानं तिची ट्रंक आधीच रंगवून ठेवली होती, वर नाव घातलेलं, कस्तुरी.

निघायच्या आदल्या दिवशी चंपा लेकीची वेणी घालत होती. पोरगी आरशात न बघताच म्हणाली, "आई, गुडघा मोडलाच समजा, तर बाबा रागावणार नाहीत ना?"

चंपानं तिच्या डोक्यावर टपली मारली. अभद्र बोलू नकोस म्हणाली, काही नाही मोडत. मग ती दशम्या थापायला बसली, आणि दुसरी दशमी तव्यावर टाकताना तिचा हात थांबला. पोरगी घाबरून विचारत नव्हती. पोरगी त्याचीच वाट बघत होती.

दत्ताला सांगावं म्हणून ती उठली. तो अंगणात ट्रंकेवरच्या नावावर रंगाचा दुसरा हात मारत होता, शीळ घालत. बायकोला बघून म्हणाला, रंग चांगला बसलाय नाही? ती हो म्हणाली आणि परत आत आली.

दावणगेऱ्यात शिवाप्पांनी पोरांच्या आईबापांना नेहमीचं एक वाक्य सांगितलं. मूल तुमचं आहे, खेळ माझा आहे. तुम्ही साकु म्हटलं की मी त्या क्षणी मूल बाहेर काढणार, कारण विचारणार नाही.

फायनलला तिसरा डाव लागला. पोरगी एक पाय ओढत होती. पुढं पडलेलं फूल उचलायला धावली, गुडघा वळला, आणि ती हातावर आपटली. उठली. पुन्हा उभी राहिली. ओठ पांढरे पडलेले. चंपा कधी ओरडत नसे, पण त्या क्षणी नियम गेला, चारचौघं गेले, आणि तिच्या पोटातून हाक आली.

"साकू!"

शिवाप्पा उठले, टॉवेल घेऊन थेट आत गेले आणि पंचांना हात दाखवला. पंच म्हणाले, आईला विचारा एकदा. शिवाप्पा वळले.

"अक्का, साकु म्हणालात?"

दत्ता धावत आला. कन्नडात हात जोडून सांगायला लागला की ते पोरीचं घरातलं नाव आहे, हाक मारली तिनं, खेळ चालू ठेवा. मग चंपाकडं वळून हळू म्हणाला, "सांग की गं त्यांना. नाव घेतलंस ना?"

नावच घेतलं होतं. देवाशप्पथ नावच घेतलं होतं. चंपानं लेकीकडं पाहिलं. पोरगी रॅकेट छातीशी धरून उभी, आणि आईच्या तोंडाकडं अशी बघत होती जसं विहिरीतून वर बघावं.

"साकु म्हणाले," चंपा म्हणाली. "पुरे झालं."

येताना बसमध्ये दत्ता पुढच्या सीटवर एकटा बसला. पोरगी आईच्या मांडीवर डोकं टाकून झोपली, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी.

गुडघा बरा व्हायला बराच काळ गेला. ट्रंकेत आता गहू असतो. दत्ता चिडला नाही, भांडला नाही. फक्त पुन्हा मीठ बोटानं मागायला लागला, आणि लेकीला घरातही कस्तुरी म्हणायला लागला. पोरगी दर वेळी क्षणभर थांबून ओ द्यायची, परक्या घरात आल्यासारखी. चंपाला वाटायचं, पोरीला एका दारानं बाहेर काढलं आणि नवऱ्याला आत कोंडलं.

असाच एक रविवार. पहाटे सवयीनं तिघंही जागे, जायचं कुठंच नाही. चंपा चहा ओतत होती. पोरगी पायरीवर बसली होती. दत्ता मोरीतून तोंड पुसत आला, जुन्या सवयीनं खुंटीवरची रॅकेटची पिशवी काढली आणि हाक मारली, "साकू!"

मारली आणि स्वतःच थबकला. पिशवीकडं बघितलं आणि परत खुंटीला अडकवली.

पोरीनं पायरीवरून ओ दिली. चंपाला मात्र कळेना, त्यानं हाक मारली की पुरे म्हणाला. ती कपात चहा ओतत राहिली, आणि कुणीच साकु म्हणेना म्हणून तो बशीत सांडला.