ताईची बारीक मूठ

मित्रांनो, मी गोल्फची एक जुनी काठी आहे आणि मला माणसांच्या हातांची किळस येते. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तूने असं बोलू नये, हे मला कळतं. तिने धन्याचे गोडवे गावेत अशी रीत आहे. पण माझी मूठ धरणाऱ्या तळव्यांवर काय काय असतं, ते तुम्हाला कुठे माहीत आहे? घाम, मलम, बिस्किटांचा भुगा आणि नाक पुसून तसाच पुढे आलेला अंगठा. सगळं माझ्याच वाट्याला येतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. डोकं पोलादाचं, दांडा पोलादाचा आणि वरच्या टोकाला रबराची मूठ. लोक काठी घेताना डोकं निरखतात, दांडा वाकवून बघतात, मुठीकडे मात्र ढुंकूनही बघत नाहीत. खरं तर माणसाचा आणि माझा संबंध येतो तो तेवढ्याच जागी. मूठ बारीक असली तर बोटांची टोकं तळहातात रुततात. जाड असली तर बोटं आणि अंगठ्याखालची गादी यांच्यात फट राहते. टोकं गादीला हलकेच टेकली की माप बसलं. एवढीशी गोष्ट आहे, पण ती बघायलाही माणसांना फुरसत नसते.

मला विकत घेतलं ताईने. ती धुलाईखान्यात कामाला होती. दिवसभर ओल्या चादरी पिळायची आणि सुट्टीच्या सकाळी मला घेऊन मैदानावर यायची. तिच्या हातांना साबणाचा वास यायचा. आयुष्यात किळस न आलेले हात मला तेवढेच भेटले. चेंडू असा सरळ जायचा की बघणारे जागच्या जागी थांबायचे, आणि मग माझं कौतुक व्हायचं. तिचा धाकटा भाऊही माझ्यावरच खेळायला शिकला. पुढे दर वर्षी जोड्यांचे सामने होत तेव्हा बहीण-भाऊ एकत्र उतरायचे. ताई त्या दिवसाची वर्षभर वाट बघायची.

मग भावाने मैदानाच्या फाटकाशी काठ्यांच्या मुठी बदलायचं दुकान काढलं. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणतात, ताई बाळ्या म्हणते. त्या दुकानात नाक असलेल्या कुणी जाऊ नये. जमिनीवर सोललेल्या रबराच्या साली, भिंतीला चिकटवून ठेवलेले टेपचे तुकडे आणि टेपचा गोंद ओला करायच्या, डोकं उठवणाऱ्या द्रवाचा उघडा डबा. त्या द्रवात बुडवलेल्या बोटांनीच मास्तर पाव खातो.

त्याची माप घ्यायची तऱ्हा तर विचारूच नका. गिऱ्हाईक आलं की हात मिळवायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि "मध्यम!" असं जाहीर करायचं. काठी हातात धरायला लावून बोटं कुठे टेकतात ते बघणं त्याला कमीपणाचं वाटायचं. आणि गिऱ्हाइकाची पाठ वळली रे वळली की गल्ल्याखालच्या फडक्याला हात पुसायचा. ते फडकं एकदा माझ्या अंगावर पडलं होतं. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

माझी मूठ झिजली तेव्हा ताईने मला त्याच्याकडे दिलं. तिच्याशी त्याने हातसुद्धा मिळवला नाही.

"तुझा हात मला पाठ आहे, ताई. हातमोजासुद्धा लहानच लागतो तुला. बारीक मूठ!"

त्याला पाठ होता तो तरुणपणीचा हात. चादरी पिळून पिळून ताईच्या बोटांचे सांधे सुजले होते, बोटं सहज मिटत नव्हती. बारीक मूठ निसटू नये म्हणून ती आवळून धरायची. आवळलं की सांधे ठणकायचे, ठणकले की पकड सुटायची. चेंडू भलतीकडे जायचा आणि ताई स्वतःलाच दोष द्यायची.

एके दिवशी भर मैदानात मी तिच्या हातून सुटले आणि थेट गटारात पडले. हिरवा बुळबुळीत चिखल माझ्या अंगभर झाला. मास्तरने मला दोन बोटांच्या चिमटीत धरून, तोंड वाकडं करून वर काढलं. शेजारी बेकरीवाला उभा होता. हे त्याचं बडं गिऱ्हाईक, हात कायम लोण्याने माखलेले.

"ताई, आता पुरे," मास्तर सगळ्यांदेखत म्हणाला. "वय झालं तुझं. या वर्षी मी यांच्याबरोबर खेळतो. तू घरी बस."

ताईने मला त्याच्या चिमटीतून काढून घेतलं. नळाखाली तिने मला धुतलं, अगदी चादर धुवावी तसं, आणि दुकानात आणून ठेवलं.

"कुणाला तरी देऊन टाक ही," ती म्हणाली.

मला ठेवायला जागा करावी म्हणून तिने तिथली दुसरी काठी उचलली आणि ती तशीच उभी राहिली. मग तिने ती काठी हळूच फिरवून बघितली. पुन्हा एकदा फिरवली.

"बाळ्या, ही कुणाची?"

"बेकरीवाल्याची. जाड मूठ आहे. तुझ्या कामाची नाही."

"मग दुखत का नाही?"

मास्तर हसला. "तुझा हात लहान आहे, ताई. लहान हाताला बारीक मूठ. इतकी वर्षं हेच करतोय मी."

"माझा हात शेवटचा कधी बघितलास?" असं म्हणत ताईने हात त्याच्यासमोर धरला. मग त्याला तो घ्यावाच लागला. गाठी आलेले सांधे, तिरकी झालेली बोटं आणि तळव्यात नखं रुतून पडलेले लाल वण. त्याच्या चेहऱ्यावर किळस आली. सख्ख्या बहिणीच्या हाताची किळस! त्याचा दुसरा हात सवयीने गल्ल्याखाली फडक्याकडे गेला. ताईने ते पाहिलं.

"पूस, पूस," ती म्हणाली. "पण आधी माप घे."

तो लाजेने लाल झाला. मला त्याची कीव आली नाही, त्याचीच किळस आली. पण खरं ते सांगायला हवं. त्याने हात पुसला नाही. माझं बारीक रबर कापून काढलं, दांड्यावर टेपचे थर चढवले, वर मऊ, जाड मूठ बसवली आणि ताईला ती धरायला लावली. मग वाकून, जवळ जाऊन, तिची बोटं कुठे टेकतात ते बघितलं. तेवढ्याने भागेना म्हणून सगळं काढून टेपचा आणखी एक थर दिला.

जोड्यांच्या सामन्यात बहीण-भाऊच उतरले आणि सपाटून हरले. बेकरीवाला पोट धरून हसला. ताईला त्याचं काही वाटलं नाही. मी मात्र एकदाही तिच्या हातून सुटले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाच्या तरी हातून वस्तू पडत असतील. ताईला घरी बसायला सांगणं मास्तरला सोपं गेलं, तिचा हात बघणं मात्र त्याच्या जिवावर आलं. तुम्ही तसं करू नका. तो हात आधी आपल्या हातात घ्या. किळस वाटली तर वाटू दे, मलाही वाटते. पण वय झालं म्हणायच्या आधी बोटं कुठे टेकतात तेवढं बघा.