जोडीचा सराव

स्पर्शासारखे औषध नाही, असे थोर माणसे सांगत आली आहेत. सांगताना ती बहुधा पालथी पडलेली असतात.

या घरात रोज सकाळी सासूबाई पालथ्या पडत. दार लावलेले, पडदा ओढलेला. थोरली सून कोमट तेल घेऊन त्यांच्या कमरेतली आवळलेली गाठ अंगठ्याने शोधून काढी.

"आई गं! जरा वर. हां, हीच ती सटवी!"

कंबर मोकळी झाली की सासूबाई उठत आणि सून पुन्हा विधवा होई. त्या रविवारी कॉटच्या कडेला छकुलीच्या, म्हणजे नणंदेच्या, लग्नाच्या साड्या ठेवल्या होत्या. एक घसरली, म्हणून सून ती उचलायला वाकली.

"राहू दे! शुभकार्याच्या कपड्यांना तुझा हात नको. छकुलीला बोलाव."

सुनेने हात केव्हाच साबणाने धुतले होते. पण प्रश्न तेलाचा नव्हता.

नवरा गेल्यावर तिने मसाजचा अभ्यासक्रम केला आणि एका दवाखान्यात नोकरी धरली. तिथे गुडघे, खांदे, टाचा घेऊन आलेली माणसे तिला डॉक्टरपेक्षा जास्त दुवा देत. ती तेवढ्यावर थांबली नाही. खेळाडूंच्या दुखापतींचा वर्ग झाला, बाळंतिणींचा झाला, आता मानेच्या दुखण्यांचा चालू होता. प्रमाणपत्रे कपाटात चादरींखाली ठेवलेली; भिंतीवर लावली तर पाहुणे वाचतील, ही दिराची काळजी.

छकुलीमागोमाग दीरही खोलीत आला. तो सुशिक्षित होता, त्यामुळे त्याने आवाज न चढवता विषय काढला.

"वहिनी, छकुलीच्या सासरचे विचारतात, वहिनी काय करतात? मी सांगतो, दवाखान्यात असतात. पुढचं विचारलं की बिस्किटं पुढे करतो. किती दिवस बिस्किटांवर भागवू?"

"खरं सांगा ना, भाऊजी."

"काय सांगू? परक्यांची अंगं रगडतात म्हणून? आणि सारखं शिकायचं तरी किती? पाठ ती पाठच. तिची काय दरवर्षी नवी आवृत्ती निघते?"

छकुली फिसकन हसली. सासूबाईंनी निकाल दिला, "नोकरी सोड, वर्गही बंद. नाहीतर तुझी सोय तू बघ. मुलीचं लग्न तुझ्यापायी मोडायला नको."

"नोकरी सोडणार नाही," सून म्हणाली. "आणि वर्ग तर नाहीच."

"असं काय ठेवलंय गं त्या वर्गात?"

तिने वर्गाच्या पिशवीत चादर भरली. मग सांगितले, "तिथे जोडीने सराव असतो. अर्धा वेळ मी करते, अर्धा वेळ समोरची माझ्यावर करते. हे गेल्यापासून माझ्या पाठीला कुणाचा हात लागला असेल, तर तो त्या वर्गातच."

पहिल्यांदा लागला तेव्हा ती टेबलावर हुंदके देऊन रडली होती. शिकवणाऱ्या बाईंना वाटले, दाब चुकला. त्यांनी बिचाऱ्या जोडीदारणीला खडसावले. तेव्हापासून एक वर्ग संपला की ती दुसऱ्यात नाव घाली. लोक याला महत्त्वाकांक्षा म्हणत.

खोली काही मोठी नव्हती. हात लांबवला असता तर तिच्या खांद्यापर्यंत सहज पोहोचला असता. सासूबाईंनी साडीची घडी सारखी केली. दिराने मोबाइल पाहिला. छकुलीचा हात थोडा उचलला गेला, मग तिने त्याच हाताने केस मागे सारले.

वाचकहो, आपल्या घरी असे काही चालत नाही हे मला ठाऊक आहे. तरी एकदा हात उचलून पाहावा. अवघडला असेल तर इलाज आहे.

"संध्याकाळी येऊन सामान नेते," सून म्हणाली आणि निघाली. वाटभर ती मान ताठ ठेवून चालली, कारण वर्गात आज टेबलावर झोपायची पाळी आधी तिची होती.

वर्गात त्या दिवशी एक बाई गैरहजर होती आणि जोड्यांत एक जण उरत होती. उरली ती सून; तिला सरावासाठी रबरी पुतळा मिळाला. कमरेपर्यंतचा, चांगल्या प्रतीचा. त्याला हात नव्हते.