वीतभर खाली

पंपघरातली लाल रेघ खोटी होती, आणि हे जगात एकट्या पंपवाल्या काकांनाच ठाऊक होतं.

सखल गल्ल्यांमधलं पावसाचं पाणी उपसून नदीत फेकायचं, हे त्या पंपघराचं काम. चौदा वर्षांपूर्वीच्या पुरात पंपघरातच पाणी शिरलं, मोटारी बुडाल्या. पाणी ओसरल्यावर ते जिथवर चढलं होतं तिथे काकांनीच भिंतीवर लाल रेघ मारली. पुढे कोणी बडे साहेब पाहणीला येणार म्हणून भिंती रंगवायचा हुकूम आला. खाली चॉकलेटी ऑइलपेंटचा पट्टा, वर पांढरा रंग. काका टापटिपीचे. पट्ट्याच्या वर वीतभर लटकलेली ती रेघ त्यांना इतकी ओंगळ दिसायला लागली की त्यांनी ती पांढऱ्याखाली गाडली आणि पट्ट्याच्या काठाला पट्टी लावून झकास नवी ओढली. साहेबांनी पाठ थोपटली. अहो, वीतभराने कुणाचं काय बिघडणार होतं?

आता बिघडायची वेळ आली होती. हल्लीचा पाऊस महिन्याचा हिशेब एका दुपारीत उरकतो, म्हणून मोटारी उंच चौथऱ्यावर चढवायचं ठरलं. नव्या इंजिनियर बाईंनी चौथऱ्याची उंची धरली ती लाल रेघेच्या वर दोन वीत. "काकांच्या रेघेपेक्षा पक्का पुरावा नाही," असं त्या साहेबांपासून गवंड्यापर्यंत सगळ्यांना ठासून सांगत होत्या. उद्या सकाळी काँक्रीट पडणार होतं.

काकांच्या घशाखाली घास उतरेना.

"ताटाशी भांडण झालंय का?" बायकोने विचारलं.

काकांनी सगळं सांगून टाकलं. "दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचंय, अख्खं खातं त्या रेघेचे गोडवे गातंय. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?" ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "मोटारी बुडाल्या तर पहिलं पाणी आपल्या लेकीच्या घरात शिरेल. तळमजला आहे तिचा. मांडीवर तीन महिन्यांचं बाळ आहे. कळतंय ना?"

कळत होतं म्हणून तर घास उतरत नव्हता.

सकाळी काका पोचले तेव्हा मिक्सर गरगरत होता. "थांबवा!" ते दारातूनच ओरडले, आणि सगळ्यांच्या देखत घडाघडा बोलून मोकळे झाले. गवंडी फिस्सकन हसला. इंजिनियर बाईंचा चेहरा लाल झाला.

"काका, तुमच्या भरवशावर मी वरच्यांशी भांडले हो!"

"आता माझ्याशी भांडा, मॅडम. पण चौथरा आधी वर घ्या."

"वीतभरच कशावरून? आता तुमच्या शब्दावर विसंबू कशी?"

हे मात्र काकांना फार लागलं. त्यांनी गवंड्याची पत्ती उचलली आणि पट्ट्याच्या वरची भिंत खरवडायला घेतली. पांढरे पापुद्रे पायाशी पडत राहिले, आणि त्यांच्याखालून जुनी लाल रेघ डोकावली. बाईंनी टेप लावला. नऊ इंच. त्यांनी आकडा लिहून घेतला, सुताराला साच्याच्या फळ्या नऊ इंच वर घ्यायला सांगितलं आणि दिवसभर काकांशी चकार शब्द काढला नाही.

काकांच्या निवृत्तीला आठवडा उरला असताना आभाळ फाटलं. सकाळी दहालाच पंपघरात पाणी आलं. काका आणि इंजिनियर बाई नव्या चौथऱ्यावर मोटारींशेजारी उभे राहिले. पाण्याने चॉकलेटी पट्टा गिळला. दुपारपर्यंत खरवडून उघडी केलेली रेघही गिळली. आणखी चढलं, आणि चौथऱ्याच्या काठाखाली चार बोटांवर येऊन थांबलं. मोटारी घरघरत होत्या. चौथरा आधीच्या मापाचा असता तर केव्हाच गप्प झाल्या असत्या. दोघांनाही ते दिसत होतं.

काकांचा फोन वाजला. "बाबा, गल्लीत घोट्याएवढं पाणी आहे, पण उंबरा कोरडा आहे," लेक सांगत होती. "तुम्ही जेवलात का? बाळ मस्त झोपलंय."

काकांना रडू आवरेना. बाई मोटारींकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. बाई लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आल्या. "घ्या काका. जाण्याआधी एवढं करून जा."

काकांचा हात सवयीने पट्टी शोधायला लागला.

"पट्टी नको," बाई म्हणाल्या. "गाळाची खूण आहे, तिच्यावरूनच ओढा."

पांढऱ्या भिंतीवर, अगदी मधोमध, रेघ वेडीवाकडी उमटली.

"ओंगळ दिसतेय हो," काका म्हणाले.

"दिसू द्या."

काकांनी रेघेखाली तारीख घातली आणि ब्रश धुवायला नळावर गेले.